चंद्रशिला झाली, पण स्पाइकखालचे गोळे काही सुटेनात

झाली एकदाची चंद्रशिला, उत्तराखंडातलं तुंगनाथाच्या वरचं शिखर! बनियाकुंडच्या पुढे रस्ता बर्फाखाली होता, त्यामुळे चोपत्यापर्यंतचं डांबरही पायीच तुडवलं. तुंगनाथाचं देऊळ (३६८० मीटर) हिवाळ्यात बंद, देव खाली मक्कूमठात. तिथून वरचा चढ छातीवर येतो, पण कळसूबाईला भरलेली सॅक घेऊन केलेल्या फेऱ्या कामी आल्या. माथ्यावर समोरचा चौखंबा पर्वत एकदम अंगावरच आला.

थंडीत प्यायचं पाणी गोठण्याचा प्रश्न मिटला, हे आधी सांगतो. नळीवाली पिशवी कायमची बाद. रुंद तोंडाची बाटली लोकरी मोज्यात घालून सॅकमध्ये उलटी ठेवली. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे बुडाकडे. बूच मोकळं राहतं. माथ्यावर घटाघटा प्यायलो.

आता स्पाइकचं, म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून बुटावर रबराने चढवायच्या दातेरी साखळीचं रडगाणं. चढताना तक्रार शून्य. चोपता ते तुंगनाथ ही फरसबंदी वाट, वरचा बर्फ माणसांच्या पायांनी दबून रात्रीत काचेसारखा झालेला, त्यावर दाते कचाकच बसत होते. उतरताना ऊन चढलं आणि देवळाच्या वरच्या उतारावर बर्फ ओलसर झाला. असा बर्फ साखळी आणि रबराच्या मध्ये दाबला जातो, थंड धातूला चिकटून गोठतो, त्यावर पुढचा थर. चार पावलांत तळव्याखाली एवढा गोळा, की दाते जमिनीला टेकतच नाहीत. आपल्या सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर, सुट्या मातीखड्यांच्या उतारावर, निदान पाय कधी सुटणार याचा अंदाज येतो. इथे तोही नाही.

हातातल्या काठीने बुटाच्या कडेवर ठोकून गोळा पडतो, पण दर दोन पावलांनी ठोकत उतरणार कसं? घरून साखळीला मेणबत्ती घासून नेली होती. तिचा गुण चढतानाच फरसबंदीवर झिजून गेला. शेवटी भैजी, आमचा तिथला वाटाड्या, म्हणाला, काढून टाका. काढले, टाच रोवत उतरलो, झकास! पण देवळाखाली सावलीत पुन्हा काच, पुन्हा स्पाइक, आणि बधिर बोटांनी ते रबर ताणणं म्हणजे शिक्षा. भाड्याच्या स्पाइकचं रबर तर ताणून ताणून सैल झालेलं असतं, ते बुटावरून सरकतं. स्वतःचेच घ्या, इथे कंजूषपणा नको.

क्रॅम्पॉनला (बुटाला बांधायचा मोठ्या दात्यांचा धातूचा सांगाडा) बर्फाचे गोळे धरू नयेत म्हणून अँटी-बॉलिंग प्लेट मिळते. लवचीक असल्यामुळे दर पावलाला वाकते आणि बर्फ झटकते. साखळीच्या स्पाइकला तशी काही मला अजून दुकानात दिसली नाही. तेलाच्या कॅनचं प्लास्टिक कापून झिप-टायने बांधावं म्हणत होतो, पण लिहिता लिहिता सुचलं: सायकलची जुनी ट्यूब! प्लास्टिकपेक्षा जास्त वाकेल, दात्यांसाठी भोकं पाडणंही सोपं. थंडीत कडक होते का, ते रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून कळेल. चिकटण्याची चाचणी मात्र फ्रीझरमध्ये होणार नाही, त्याला ओला बर्फ लागतो. कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ घेऊन गच्चीत नाचणार आहे. सरबत न घालता मागितल्यावर तो काय म्हणेल, ते म्हणो.

पुढे डिसेंबरात उत्तराखंडातलाच केदारकंठा ट्रेक ठरला होता. तो आता मागे पडला. डिसेंबरच्या कोरड्या भुसभुशीत बर्फात ट्यूबची परीक्षाच होणार नाही. मार्चच्या सुरुवातीला, दुपारच्या उन्हात, परत हाच उतार धरतो. एका पायाला ट्यूब, दुसरा तसाच. कुणाकडे रुंद टायरची जुनी ट्यूब पडून असेल तर ठेवा बाजूला.