पिचिंचाची रणभूमी बघायची तर रोपवेच्या रांगेत उभे राहू नका

इक्वेडोरची राजधानी किटो, शेजारी पिचिंचा ज्वालामुखी; त्याच्या उतारावर १८२२ मध्ये स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई झाली. इथे हॉटेलवाल्याला 'पिचिंचाची लढाई' म्हटलं की तो डोळे झाकून रोपवेकडे पाठवतो. टॅक्सीवाल्याचं मीटर अर्थातच बिघडलेलं. दहा डॉलर मोजले. रोपवे जवळजवळ ४००० मीटरवर नेतो, नजारा झकास, पण लढाईचा तिथे मागमूस नाही! टॅक्सीत बसण्याआधी 'सीमा दे ला लिबेर्ताद' म्हणा, भाडं ठरवा, मगच दार लावा. लढाईचं स्मारक आणि संग्रहालय तिथे आहे, जुन्या शहराच्या पश्चिमेला.

टॅक्सीचा राग म्हणून जुन्या शहरातून आम्ही पायी निघालो. नकाशात हे अंतर किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात छातीवर येणारा चढ, पायऱ्या, पुन्हा चढ. दर वीस पावलांना कठडा धरून उभं राहायचं, आणि वरच्या गच्चीतून कुत्रं भुंकतंय. कळसूबाई १६४६ मीटर. इथे हॉटेलातली खाटच २८५० वर. सह्याद्रीतला दम इथे चालत नाही. वस्तीही अनोळखी माणसाने रेंगाळावं अशी नाही. हा टप्पा पायी करू नका, विषय संपला.

त्या चढावर स्वातंत्र्यसैन्याचा सेनापती सुक्रे याच्या सैनिकांबद्दलचा आदर मात्र दुणावला. २३ मे १८२२ च्या रात्री, पावसाने निसरड्या झालेल्या वाटांनी ते दारूगोळ्यासह चढत होते. सुक्रे अवघा २७ वर्षांचा. बेत होता स्पॅनिश फौजेला वळसा घालून शहराच्या उत्तरेला उतरायचा. सकाळी ३५०० मीटरच्या आसपास दम खायला थांबले, तेवढ्यात खालून स्पॅनिश सेनापती आयमेरिचच्या लोकांनी त्यांना पाहिलं. स्पेनची आरागोन पलटण वरून तुटून पडायला निघाली, पण मागून आलेली ब्रिटिश-आयरिश आल्बियन पलटण तिच्याही वर पोचली होती. दुपारपर्यंत खेळ आटोपला. दुसऱ्या दिवशी आयमेरिचने शरणागतीवर सही केली, किटो मोकळं झालं.

संग्रहालयात इक्वेडोरचा चित्रकार किंगमन याचं भित्तिचित्र चुकवू नका. बाकी गणवेश, तलवारी भराभर उरकल्या तरी चालेल. खरी गोष्ट बाहेरच्या कठड्यापाशी: शहराकडे पाठ करून वरचा उतार बघा, लढाई तिथे झाली.

सकाळीच जा, दुपारी ढग उतरतात. आणि टॅक्सी थांबवूनच ठेवा. वर दुसरी मिळायला आम्हाला पाऊण तास लागला, तोही भिजत.