पत्र्याखाली तीन एकांकिका

मालवणात आम्ही एका संध्याकाळी तीन नव्या एकांकिका तिकीट लावून केल्या, त्याला आता महिना होईल. स्पर्धा नव्हती की कुठला उत्सव नव्हता. लोकांनी यावं, बसावं, बघावं एवढाच हेतू. त्यासाठी काय काय करावं लागतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे निदान तीन आठवडे वाचले असते, म्हणून लिहून ठेवते आहे.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो हा, की भर जुलैत कशाला? कारण आमच्याकडे सगळ्यांना एकदम सवड मिळते ती तेव्हाच. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. भाताची लावणी जुलैच्या मध्यावर उरकत येते. पर्यटक नसतात. दशावताराच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, कंपन्या दिवाळीनंतर बाहेर पडतात त्या मे संपता संपता घरी येतात. आमच्या अकरा जणांत एक तांडेल (मासेमारी होडीचा म्होरक्या), दोन शिक्षक (त्यातली एक मी), घरगुती खानावळ चालवणारी एक बाई आणि कॉलेजची पाच मुलं होती. ऑक्टोबरात यांना एका जागी जमवणं कुणालाच शक्य नाही.

नाट्यगृह म्हणजे बाजाराच्या मागचं एका जुन्या संस्थेचं सभागृह. एकशे तीस खुर्च्या, बावीस फुटांचा रंगमंच, वर पत्रे. नगरपालिकेचं मामा वरेरकर नाट्यगृह गावात आहे, पण आमच्या एकांकिका हळू आवाजाच्या होत्या. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटीचे हात दिसले पाहिजेत, हा माझा हट्ट होता, म्हणून लहान जागा घेतली.

आता कागद. आपल्या राज्यात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून वाचून घ्यावी लागते. प्रमाणपत्राचा क्रमांक सभागृहवालेही मागतात, पोलीस ठाण्यातही. नाटकांवर अंकुश ठेवायला इंग्रजांनी १८७६ साली केलेला कायदा २०१८ साली रद्द झाला, पण राज्याच्या नियमांतलं हे पूर्ववाचन वेगळं, ते राहिलं. लिहिलेलं नाटक प्रेक्षकाच्या आधी कुणी तपासावं हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. तरी प्रयोग व्हायला हवा होता, म्हणून रीतसर पाठवलं. चूक माझीच झाली. तिसऱ्या एकांकिकेच्या एका प्रतीत दोन पानं कमी लागली होती, ती पुन्हा पाठवण्यात आठवडा गेला. प्रत्येक प्रतीची पानं स्वतः मोजा, आणि तालमीत बदललेली वाक्यं संहितेत उतरवल्यावरच प्रत काढा.

तिसरी एकांकिका रत्नागिरीच्या एका लेखकाची होती. त्यांना फोनवर विचारलं, ते आनंदाने हो म्हणाले, आणि आम्ही तेवढ्यावर तालमी सुरू केल्या. तसं करू नये. लेखकाचं सहीचं परवानगीपत्र आणि प्रयोगामागचं मानधन आधी ठरवावं. आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं की जुनंच काही करू, परवानगीची भानगड नको. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात हे खरं. पण मला आजच्या मालवणातली माणसं रंगमंचावर हवी होती. हापूसच्या बागेत राखण करणारा नेपाळी मुलगा, नवऱ्याची खोली पहिल्यांदाच पर्यटकांना भाड्याने देणारी विधवा, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून भांडणारे दोन भाऊ.

पोलीस ठाण्यात अर्ज, सभागृहाची अनामत, हे एका दिवसात झालं. रात्री दहाच्या आत संपवायचं आम्हीच ठरवलं होतं, कारण खिडक्या उघड्या आणि शेजारी वस्ती.

दिव्यांनी मात्र घाम काढला. भाड्याने मिळणारे जुने पार, म्हणजे रंगमंचावरचे झोताचे दिवे, एक हजार वॉटचे. तसे सहा लावले की सभागृहाची वायरिंग बसणार, हे वायरमनने पहिल्याच दिवशी सांगितलं. एलईडी पार आणले. उजेड जरा निळसर पडतो, चेहरे फिके दिसतात, म्हणून दिव्यांवर पिवळे जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावले. पहिल्या तालमीला मला ते दिवे अजिबात आवडले नव्हते. चौथ्या तालमीपर्यंत सवय झाली.

पण खरी अडचण कागदांची नव्हती आणि दिव्यांचीही नव्हती. तीन एकांकिका म्हणजे तीन नेपथ्यं. आम्ही बागेतली खोप केली, पलंग-कपाट जमवलं, होडीचा अर्धा भाग प्लायवूडमधून कापून घेतला. रंगीत तालमीत पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला चौदा मिनिटं लागली. चौदा मिनिटं पडद्यामागे खडखडाट ऐकत बसलेल्या प्रेक्षकाच्या मनात पहिल्या नाटकातलं काय उरणार?

त्या दिवशी आमच्या तांडेलाने बुवांना आणलं होतं. बुवा चाळीस वर्षं दशावतारात पेटी वाजवतात. ते सगळं बघून म्हणाले, “ह्यां सगळां कित्याक गो बाय? एक बाकडा घे.” मग त्यांनी सांगितलं ते मला लहानपणापासून डोळ्यांसमोर असूनही कधी दिसलं नव्हतं. दहिकाल्याच्या, म्हणजे दशावताराच्या खेळाच्या, रात्री देवळापुढे एक बाकडं असतं. इंद्र त्यावर बसतो तेव्हा ते सिंहासन. रानात भटकून दमलेला राजा त्यावरच आडवा होतो तेव्हा ते खडक. कुणी काही हलवत नाही, बघणाराच बदलून घेतो.

दुसऱ्या दिवशी होडी आणि पलंग परत गेले. बुवांच्या पडवीतलं जुनं, फणसाच्या फळीचं बाकडं टेम्पोतून आलं. तेच बागेतली बसायची जागा, तेच नवऱ्याचा पलंग, तेच होडीची कड. बदल म्हणाल तर बाकडं फिरवायचं आणि वर टाकलेलं कापड बदलायचं, चाळीस सेकंद. त्यासाठी ब्लॅकआउटही केला नाही. मंद उजेडात कॉलेजची दोन मुलं यायची, बाकडं फिरवायची आणि जायची. प्रेक्षक ते बघत राहायचे, आणि मला ते फार आवडायचं.

राहिला पाऊस. पत्र्यावर सर आली की आमची दुसरी एकांकिका ऐकूच येत नव्हती. ती जवळजवळ एकपात्री आहे. पाहुणे यायच्या आत ती बाई नवऱ्याचं कपाट रिकामं करते, स्वतःशी बोलते, मध्येच पाहुण्यांचा फोन येतो. कपाट आम्ही प्रेक्षकांच्या बाजूला आहे असं धरलं होतं, म्हणजे ती लोकांकडे बघूनच शर्ट काढायची. वर टांगलेले माईक लावून पाहिले, त्यांनी तिच्यापेक्षा पत्रेच जास्त उचलले. मोठ्याने बोलायला सांगितलं तर नाटक मरायचं. पुन्हा बुवाच म्हणाले, “पाऊस आपल्यासाठी थांबाचो नाय. आपणच थांबूक व्हया.” दशावतारी नटाला बांधलेली संहिता नसते, त्याला जागच्या जागी वेळ भरता येतो. आमच्या खानावळवाल्या ताईंना ते नवीन होतं. म्हणून आम्ही थांबण्याची तालीम केली. सर आली की बोलणं बंद, पण बाई बाईच राहणार. बसायचं, शर्टाची घडी घालायची, मोडायची. मी सभागृहाच्या मागून हात वर केला की पुढचं वाक्य.

प्रयोगाच्या दिवशी बुवांना ताप होता, ते आले नाहीत. गाऱ्हाणं, म्हणजे सुरुवातीची देवाची विनवणी, तांडेलाने घातलं. “बा देवा रामेश्वरा, नारायणा म्हाराजा” म्हणताना त्याचा आवाज कापत होता, आणि आम्ही सगळे “व्हय म्हाराजा” म्हणालो. एकशे आठ तिकिटं गेली होती. पहिली एकांकिका कोरड्यात पार पडली.

दुसरीत, ताई निळा शर्ट काढून “ह्यो तुमी...” एवढंच म्हणाल्या आणि सर कोसळली. त्या बोलायच्या थांबल्या. बाकड्यावर बसल्या. शर्ट मांडीवर. मग तालमीत कधीच केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्या मान वर करून पत्र्यांकडे बघू लागल्या, घरात गळतं की काय हे बघणारी बाई बघते तशा. तिसऱ्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनीही वर बघितलं. कुणी उठलं नाही, कुणी मोबाइल काढला नाही. मी मागे उभी होते, सर ओसरली तरी माझा हात वर जाईना. ताईंनी माझी वाट बघितलीही नाही. “ह्यो तुमी लग्नात घातलेलो,” एवढं वाक्य त्यांनी पूर्ण केलं, आणि सभागृहात ते शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं.

तिसरी एकांकिका संपली तेव्हा पावणेदहा झाले होते.

हिशेब सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. ऐंशी रुपये तिकिटाने आठ हजार सहाशे चाळीस जमले. सभागृह, दिवे, लेखकाचं मानधन, टेम्पो आणि चहा धरून खर्च साडेबारा हजार. उरलेलं आम्ही अकरा जणांनी वाटून भरलं. पुढच्या वर्षी दोन प्रयोग लावले तर दिव्यांचं आणि टेम्पोचं भाडं दोन्हींत वाटलं जाईल, म्हणून जुलैचे दोन शनिवार आताच मागून ठेवले आहेत.

दोन दिवसांनी ताडपत्रीत गुंडाळून बाकडं परत नेलं. बुवा पडवीतच बसले होते. त्यांनी फडक्याने बाकड्याचे पाय पुसले, मग विचारलं, “सर इली तेव्हा कितको येळ थांबली ती?”

“चार मिनिटं असतील,” मी म्हटलं.

“बरां केल्यान,” ते म्हणाले, आणि बाकडं भिंतीला लावून ठेवायला मला हात द्यायला सांगितलं.