पताकेच्या मागे

गेली 12 वर्षे मी नोकरीसाठी जळगावहून भुसावळला मोटरसायकलने जातो. साधारण 25 किलोमीटरचे हे अंतर 35 मिनिटांत कापण्याची इतकी सवय झाली होती, की वाघूर नदीला सध्या पाणी आहे का, असे कुणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

यंदा माघ वद्यात मुक्ताईच्या यात्रेला निघालेल्या पायी दिंडीत सामील झालो आणि नशिराबाद येण्याआधीच पताकेच्या पुढे निघून गेलो. मागून एका वृद्ध वारकऱ्याची हाक आली, “माउली, पताकेच्या पुढं जाऊ नये. मुक्ताई काही गाव सोडून चालली नाही.” मी ओशाळून मागे आलो, पण भजनाच्या ठेक्यावर पाऊल टाकणे पायांना जमेना; उतारावर कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखे वाटत होते.

साकेगावला टाचेवर फोड आला. तो फोडून मोकळे व्हावे, असा माझा विचार होता. हाक मारणाऱ्या त्या वारकरी बाबांनी मात्र सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढला, दोन्ही टोके बाहेर ठेवून कापला आणि आतले पाणी रात्रभर त्या दोऱ्यावाटे झिरपू दिले. “कातडं सोललं, तर उद्या टेम्पोतच बसावं लागंल,” एवढेच ते म्हणाले.

भुसावळच्या मुक्कामी पंगतीत गरम भाकरी आणि वांग्याचे भरीत वाढले गेले. मी घास तोंडाशी नेला, तेव्हा सारी पंगत हात जोडून ‘पुंडलिक वरदे’ची वाट पाहत असल्याचे ध्यानात आले. तो घास ताटात परत ठेवावा की मुठीत लपवावा, हे मला ठरवता येईना, आणि समोरचा एक लहान मुलगा माझ्याकडेच पाहत होता.

पुढे वरणगाव करून तिसऱ्या दिवशी कोथळीच्या जुन्या मंदिरात दर्शन झाले. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर बाबा पायऱ्यांवर बसले, ते तासभर उठलेच नाहीत. 1400 वर्षांचे आयुष्य पदरी असलेला योगी भावंडांच्या भेटीला वाघावर बसून निघाला, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. त्याला तरी वाघ कशाला हवा होता, असे तिथे प्रथमच मनात आले.

सोमवारी वाघूरच्या पुलावर केळीने भरलेला ट्रॅक्टर आडवा आला. माझा अंगठा सवयीने हॉर्नवर गेला आणि तिथेच थांबला. हॉर्न मागच्याने वाजवला. नदीला पाणी होते, गुडघाभर असावे.