गेटला क्लास लावू की घरीच करू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण हा प्रश्न दरवर्षी पावसाळ्यात ठरलेला असतो. मी सिव्हिल इंजिनियरिंगचा, गेट (एम.टेक.च्या प्रवेशासाठी देतात ती परीक्षा) देऊन एम.टेक. केलं, एवढ्या भांडवलावर नात्यातल्या लग्नांमध्ये कुणाचे तरी वडील मला पंगतीत गाठतात आणि म्हणतात, "पोरगा म्हणतोय पुण्याला क्लास लावायचा, लावू का? की घरी बसून होईल?" समोर जिलेबी वाढत असताना याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून आता निवांत देतो.

आधी क्लास पण नको आणि पुस्तकांचा गठ्ठा पण नको. आधी एक जुना पेपर घ्या, ऑफिशियल साइटवर फुकट मिळतात, अलीकडच्यांची उत्तरं पण असतात, आणि घड्याळ लावून सोडवा. 3 तास, 65 प्रश्न, 100 मार्क. मध्ये उठायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. मार्क घाणेरडे पडणार, पडू देत. बघायचं काय, तर प्रत्येक मार्क गेला कशामुळे.

माझ्या मावसबहिणीने थर्ड इयरला असताना हे केलं (थर्ड इयरपासून देता येते आता, आणि स्कोअर 3 वर्षं चालतो, त्यामुळे घाई करून पण तोटा नाही). पेपर झाल्यावर तिला म्हटलं प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे लिही: कळलाच नाही, कळला पण आठवलं नाही, की आकडेमोडीत गेला. एक बीमचा प्रश्न होता, स्ट्रेस एमपीएमध्ये काढायचा. तिला सगळं येत होतं, मोमेंट बरोबर, सेक्शन मॉड्युलस बरोबर, फक्त किलोन्यूटन-मीटरचं न्यूटन-मिलीमीटर करताना दहाचा सहावा घात घ्यायच्या जागी तिसरा घेतला. उत्तर हजारपट कमी. पर्याय असते तर लगेच लक्षात आलं असतं, पण तो आकडा टाकायचा प्रश्न होता, तिथे सावध करायला कोणी नसतं. तिचे निम्म्याहून जास्त मार्क असेच गेलेले. आता मला सांगा, याला कुठला क्लास काय करणार? याला रोज वही घेऊन बसून प्रश्न सोडवणं हाच उपाय, आणि ते क्लास लावला तरी स्वतःच करायचं असतं.

आता समजा पेपरभर "कळलाच नाही" आलं, तर प्रकरण वेगळं. आपल्याकडे इंजिनियरिंग कसं होतं ते आपल्याला माहितीये, परीक्षेच्या आदल्या रात्री लोकल पब्लिकेशनचं पुस्तक, सबमिशनला मित्राची फाइल, आणि स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिससारखा विषय तसाच राहून जातो. असे चार-पाच विषय राहिले असतील आणि आपण स्वतःहून टाइमटेबल पाळणाऱ्यातले नसाल तर लावा क्लास, खुशाल लावा. तिथे पैसे शिकवण्याचे कमी आणि रोज सकाळी तुम्हाला खुर्चीत बसवण्याचे जास्त असतात, माझ्या मते त्यात वाईट काही नाही. एक-दोनच विषय कच्चे असतील तर मात्र तेवढेच ऑनलाइन घ्या, किंवा एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत ती बघा. ती परीक्षेसाठी बनवलेली नाहीत, सावकाश चालतात, पण पाया पक्का करायला झकास.

आणि एक हिशेब कोणी करतच नाही. बहुतेक इंजिनियरिंग पेपरांमध्ये 15 मार्क अ‍ॅप्टिट्यूडला आणि 13 मार्क मॅथ्सला असतात, म्हणजे 28 मार्क झाले की. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये टक्केवारी, नातं ओळखा, थोडं इंग्लिश, यातलं बरंचसं स्कॉलरशिपच्या परीक्षेत बघितलेलं असतं. हे घरीच होतं.

घरी करणाऱ्यांनी पण हुरळून जाऊ नये. टेलिग्रामवरून नोट्सच्या पीडीएफ गोळा करणं म्हणजे अभ्यास नाही, आणि दीडपट स्पीडने व्हिडिओ बघत मान डोलावणं तर अजिबातच नाही (क्लासवाल्यांचं पण तेच, सहा तास बसून आलं की वाटतं आज खूप केलं, वही उघडून बघा, स्वतः सोडवलेलं किती). घरात पाहुणे, टीव्ही, "जरा दूध आण" हे चालूच राहतं, त्यापेक्षा गावातली अभ्यासिका लावा. क्लासच्या मानाने किरकोळ पैसे पडतात आणि आजूबाजूला एमपीएससीची पोरं मान खाली घालून बसलेली असतात त्याचा धाक वेगळाच.

टेस्ट सिरीज (म्हणजे सरावाचे ऑनलाइन पेपर) मात्र क्लासवाल्यांनी आणि घरी करणाऱ्यांनी, दोघांनीही लावायची, यावर मी वाद घालत नाही. परीक्षेत तुमचा कॅल्क्युलेटर चालत नाही, स्क्रीनवरचा माउसने दाबत बसावं लागतं, आकडे पण माउसनेच टाकायचे, कीबोर्ड बंद. ही सवय नसेल तर वेळ भसाभस जातो. शिवाय एका मार्काचा एमसीक्यू (एकच पर्याय निवडायचा प्रश्न) चुकला की एक तृतीयांश मार्क कापतात, दोन मार्कांचा चुकला की दोन तृतीयांश, पण आकडा टाकायच्या आणि एकाहून जास्त बरोबर पर्यायांच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, तेव्हा काय सोडायचं आणि काय ठोकून द्यायचं हे टेस्ट देऊन देऊनच अंगात भिनतं.

आता पंगतीतल्या बाबांसाठी. डेमो लेक्चर पोराच्या सगळ्यात कच्च्या विषयाचं बघायला सांगा, शिकवतात हिंदीत की इंग्लिशमध्ये ते बघा, डाउट कोण सोडवतं ते विचारा, आणि काउंटरवर कितीही डिस्काउंट दाखवला तरी जमलं तर फी हप्त्याने भरा. फीमध्ये पुण्याची खोली आणि मेस पण धरा. आणि हे सगळं करायच्या आधी त्याला एम.टेक. खरंच करायचंय का ते विचारा, कारण कैकदा कॅम्पसमध्ये नोकरी लागलेली नसते, घरी परत यायचं नसतं, आणि गेटचा क्लास ही पुण्यात आणखी एक वर्ष काढायची सोय असते.