पाण्यातून वर येताना

माझ्या सकाळच्या बॅचमध्ये पंचावन्नच्या आतलं कुणी नाही. पुण्यातल्या एका सार्वजनिक तलावावर, शॅलोच्या बाजूला, छातीइतक्या पाण्यात आम्ही पाऊण तास व्यायाम करतो. बऱ्याच जणांना पोहता येत नाही आणि शिकायचंही नाही. कुणाला कठडा न धरता जिना उतरायचाय, कुणाला गुडघ्याचं ऑपरेशन जमेल तितकं लांबवायचंय. एका काकूंना लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचं होतं आणि विमानतळावर केवढं चालावं लागेल याचीच त्यांना धास्ती होती.

अशा माणसांना पाणी काय देतं ते मी रोज बघते. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर अंगाचा जेमतेम तिसरा हिस्सा भार उरतो. म्हणजे ७५ किलोच्या माणसाचे गुडघे त्या वेळी २५ किलोच पेलत असतात. शिवाय पाणी ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे अडवतं. हात दुप्पट वेगाने ढकलला तर अडवणूक जवळजवळ चौपट होते, सावकाश नेला तर पाणी वाट देतं. त्यामुळे ऐंशीच्या आजी आणि साठीचे काका शेजारी शेजारी एकच हालचाल करतात आणि दोघांनाही आपापल्यापुरता व्यायाम होतो. जमिनीवर एका पायावर उभं राहायची ज्यांची हिंमत होत नाही, ते पाण्यात ते करतात, कारण तोल गेला तरी पडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात सावरता येतं.

नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी व्यायाम दाखवत नाही, उभं राहायला शिकवते. पाय घसरून माणूस मागे कलला की पाय वर तरंगतात, डोकं खाली जातं, आणि चार फूट पाण्यातसुद्धा त्याला उभं राहता येत नाही. तो ओरडतही नाही, कारण श्वास घ्यायचीच मारामार असते. गुडघे पोटाशी घ्यायचे, हनुवटी छातीला लावायची, तळहातांनी पाणी खाली दाबायचं, मग पाय टेकतात. हे आजी-आजोबांना बार धरून, मग माझा हात धरून, मग एकट्याने जमेपर्यंत मी पुढचं काही घेत नाही. बुडण्याची भीती सगळ्यांना असते, त्यामुळे हे ते मनापासून करतात. बाहेर येतानाही सांभाळा, हे मात्र कुणाच्या गळी उतरत नसे. पाण्याबाहेर आलं म्हणजे सुटलो, असंच सगळ्यांना वाटतं.

आमच्या बॅचमध्ये एक ड्रायव्हरकाका आहेत. उभा जन्म जड गाड्या चालवण्यात गेला, डाव्या गुडघ्याची वाट क्लचने लावली. सत्तरी ओलांडलेले, पण खांदे अजून रुंद, आवाज खणखणीत. माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत, दिवे घाट चढून जायचा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता आणि गुडघ्यामुळे तो तुटला होता. तो पुन्हा सुरू करायचा म्हणून ते पाण्यात आले.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती. पहाटेपासून रिपरिप चालू होती. तलावावर पत्र्याचं छप्पर आहे, पण बाजू उघड्या, त्यामुळे वारं आत येतं. त्या दिवशी मी नेहमीची गाणी लावली नाहीत. काकांनीच बॅचला पावल्या शिकवल्या. दोन पावलं पुढे, एक मागे, झुकून वर, हातात टाळांऐवजी फोमचे डंबेल्स, गोल रिंगण करून. छातीभर पाण्यात पावली टाकायची म्हणजे मांड्यांना, पोटाला, पाठीला भरपूर काम. सगळे ‘ग्यानबा-तुकाराम’ म्हणत होते आणि मी काठावर उभी राहून आवाज ऐकत होते. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा मिनिटाला दहा-पंधरा ठोके कमीच लागते, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाचा आकडा बघून कोण किती दमलंय ते नीट कळत नाही. बोलता येतंय, गाता येतंय, पण मध्ये श्वास घ्यावा लागतोय, एवढा जोर बरोबर. ज्याचा आवाज तुटायला लागला त्याला मी थांबवते. काकांचा आवाज शेवटपर्यंत सगळ्यांच्या वर होता.

मग शिट्टी वाजली. आमच्यानंतर लगेच मुलांची बॅच असते. मुलं कठड्यापाशी टोप्या घालून उड्या मारत थांबलेली, पालकांची कामावर जायची घाई, काउंटरवरचे साहेब दारातून हात करून सांगतायत, “मॅडम, घ्या लवकर वर!” कोपऱ्यात रुंद पायऱ्या आहेत, बाजूला दांडा आहे, पण एवढी माणसं तिथून निघायला वेळ लागतो. म्हणून ज्यांना जमतं ते स्टीलच्या उभ्या शिडीने येतात. काका नेहमीच शिडीने यायचे. बायकांसाठी पायऱ्या मोकळ्या सोडायच्या, अशी त्यांची रीत.

ते चढले, फरशीवर आले, दोन पावलं चालले आणि थांबले. मी त्यांच्याकडेच बघत होते, कारण शिडीने येणाऱ्यांकडे मी बघतेच. चेहरा एकदम पांढराफटक. उजवा हात हवेत काहीतरी शोधत होता. मी धावले, काखेत हात घातला, पण एवढा माणूस मला उभा धरता येणं शक्य नव्हतं. माझ्या अंगावरून ते घसरत खाली आले. डोकं आपटलं नाही, एवढं मात्र साधलं.

बॅचमध्ये एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना आम्ही सिस्टर म्हणतो. त्या पायऱ्यांवरून येत होत्या. जीवरक्षकाने पोरांना मागे सारलं. सिस्टरनी आधी श्वास बघितला, मग नाडी. काकांना सपाट झोपवून आम्ही त्यांचे पाय किकबोर्डच्या, म्हणजे पोहायला शिकताना धरायच्या फोमच्या फळ्यांच्या, चळतीवर उंच ठेवले. कुणीतरी पाण्याची बाटली तोंडाशी आणली, ती सिस्टरनी बाजूला केली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. मिनिटभरातच काकांनी डोळे उघडले आणि लगेच उठून बसायला निघाले. सिस्टरनी खांदा दाबून ठेवला. जीवरक्षकाने तोवर १०८ ला फोन लावला होता.

ऑफिसातलं बीपीचं मशीन आणलं. वरचा आकडा ८८. साखर ठीक होती. पुरते शुद्धीवर आले, नाव-गाव-वार बरोबर सांगितलं, तेव्हा सिस्टरनी लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी पुढे केलं. काकांनी मान फिरवली.

“आज निर्जळी आहे.”

“कालपासून पाणी घेतलं नाही?”

“रात्रीपासून.”

“विठोबाला मी काय ते सांगते,” सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही आधी हे प्या.”

त्यांनी प्यायलं. हळूहळू आकडा ११० च्या वर आला. पण बसवून पाहिलं तर परत ९० ला. मग सिस्टरनी त्यांना पुन्हा आडवं केलं, आणि अँब्युलन्स येईपर्यंत मी काकांचा हात धरून बसले होते. मुलांची बॅच त्या दिवशी उशिरा सुरू झाली. पालकांपैकी कुणीही चकार शब्द काढला नाही, हे मला आवर्जून लिहावंसं वाटतं.

दवाखान्यात ईसीजी ठीक निघाला. दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या होत्या आणि त्यात एक नवीन पाकीट सापडलं. प्रोस्टेटची गोळी, त्याच आठवड्यात सुरू झालेली. लघवीचा मार्ग सैल करणाऱ्या या प्रकारच्या गोळ्या रक्तवाहिन्याही थोड्या सैल करतात, त्यामुळे विशेषतः सुरुवातीला उठून उभं राहताना चक्कर येऊ शकते. आमच्या फॉर्मवर औषधांचा रकाना आहे. काकांनी त्यात बीपीची गोळी लिहिली होती. ही नव्हती लिहिली. नंतर भेटल्यावर मान खाली घालून म्हणाले, “ती काय बीपीची नव्हती. आणि एवढ्या बायकांत कुठं बोलणार?” मला त्यांचा जराही राग आला नाही. सत्तरीतला माणूस बाईमाणसासमोर ह्या दुखण्याचं नाव काढणार नाही, हे उघड आहे. बोलायला लागू नये अशी सोय नव्हती, ही खरी अडचण होती.

झालं काय, ते नीट सांगते, कारण पाण्यात व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी हे माहीत असायला हवं. पाणी अंगाला सगळीकडून दाबतं आणि जितकं खोल तितकं जास्त. रक्तदाबाच्याच मापात सांगायचं तर फूटभर खोलीमागे साधारण २२ मिलिमीटर पारा. चार फूट पाण्यात पावलांवर ९० च्या आसपास दाब पडतो, म्हणजे आपल्या रक्तदाबाचा खालचा आकडा असतो त्याहून थोडा जास्तच. कमरेपासून पावलांपर्यंत घट्ट बांधलेल्या पट्टीसारखं पाणी पायातलं रक्त वर सारतं. गळ्यापर्यंत बुडालं तर साधारण ७०० मिली जादा रक्त छातीत येतं. हृदय भरून येतं, नाडी संथ होते. शरीराला वाटतं की पाणी फार झालंय, मग मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. व्यायाम संपल्यावर सगळ्यांना लघवीला घाई होते ती त्यामुळे. आणि मग आपण शिडीने चार पावलांत बाहेर येतो. दाब एका क्षणात नाहीसा होतो, रक्त पायात उतरतं, अंगाचं वजन एकदम परत येतं. तरुण शरीर काही सेकंदांत नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून हे सावरतं. उतारवयात ते सावरणं मंदावतं, बीपीच्या गोळ्या ते आणखी मंद करतात. काकांच्या बाबतीत त्यावर नवी गोळी, रात्रीपासूनची निर्जळी, पाऊण तासाच्या पावल्या आणि शिट्टी. यातली एखादी गोष्ट कमी असती तर कदाचित ते घरी चालत गेले असते.

मी तलावाच्या व्यवस्थापनाला पत्र दिलं. पहिलं उत्तर आलं की ज्येष्ठांकडून डॉक्टरांचा दाखला सक्तीने घ्या. दाखला आमच्याकडे सगळ्यांचाच होता, काकांचासुद्धा. जानेवारीतल्या दाखल्याला जुलैतली गोळी ठाऊक नसते. ज्यांना झेपत नाही त्यांनी येऊ नये, असंही एक जण म्हणाले, आणि ते मला फार लागलं. जमिनीवर ज्यांना व्यायाम झेपत नाही, त्यांच्यासाठीच हा वर्ग आहे. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्या माणसांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाने ते कुठे करायचे? त्याला पाण्यापासून लांब ठेवणं हा उपाय नव्हे. पाण्यातून नीट बाहेर आणणं हा उपाय आहे. मी मागितलं ते इतकंच: दोन बॅचमध्ये दहा मिनिटं, आमच्या वेळेत शिडी बंद, पायऱ्यांपाशी बसायला बाक. बऱ्याच फेऱ्यांनंतर पाच मिनिटं मिळाली आणि बाकाऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या. शिडीला आम्ही दोरी बांधतो.

आता शेवटची दहा मिनिटं आम्ही बाहेर येण्याचाच व्यायाम करतो. छातीभर पाण्यातून कमरेइतक्या पाण्यात यायचं, तिथे सावकाश जागच्या जागी चालायचं. मग पायरीवर, मांड्या पाण्याबाहेर आल्या की थांबायचं, दांडा धरून टाचा वर-खाली करायच्या, मुठी आवळायच्या, शेजारच्याशी बोलायचं. उत्तर धड आलं नाही, तर तिथेच खाली बसवायचं. मग वरची पायरी. मग खुर्ची आणि ग्लासभर पाणी. शॉवरला कुणी बसल्या जागेवरून थेट उठून जायचं नाही. उपास असेल तर खाऊन-पिऊन या नाहीतर आज काठावर बसा, हे मी स्पष्ट सांगते आणि त्यावर वाद घालत नाही.

औषधांचा रकानाही बदलला. सोमवारी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देते: या आठवड्यात कुठलीही नवी गोळी, थेंब किंवा इंजेक्शन सुरू झालं का, कशाचंही. घडी करून डब्यात टाकायची. ती फक्त मी आणि सिस्टर वाचतो. पहिल्याच सोमवारी प्रोस्टेटच्या गोळीच्या आणखी चिठ्ठ्या निघाल्या आणि एका काकूंच्या झोपेच्या गोळीची, जी त्यांनी घरीही कुणाला सांगितली नव्हती.

डॉक्टरांनी काकांची गोळी रात्री झोपतानाची करून दिली आणि आडवं व उभं राहून बीपी तपासत राहिले. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने घसरला तर तो धोक्याचा इशारा मानतात. काकांचा आकडा स्थिरावल्यावर त्यांनी पाण्यात जायची परवानगी दिली. पुढच्या वर्षी काका दिवे घाट चढले. सगळा नाही, पण वडकीपासून पुढे बराचसा, आणि वाटभर पाणी पीत.

संध्याकाळच्या ज्येष्ठांच्या बॅचला मात्र अजून शिट्टी आहे, शिडीही उघडी आहे, कारण ती वेळ दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे. त्याबद्दल मी दुसरं पत्र दिलंय. त्यावर आमच्या बॅचमधल्या सगळ्यांच्या सह्या आहेत, पहिली ड्रायव्हरकाकांची.