पालिकेनं पालिकेचंच अतिक्रमण काढलं

मी एका ब वर्ग नगरपरिषदेत नगररचनेच्या टेबलला आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे बांधकाम परवानग्या आणि पाकिटं. प्रत्यक्षात दिवस जातो तो डीपीचा, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा, सातबारा आणि मोजणी शीट यांचा मेळ घालण्यात, आणि तो कधीच बसत नाही.

तर केस अशी. आमचा डीपी मंजूर झाला २००४ ला. त्यात रस्त्याला लागून असलेल्या ५२ आरवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं. मालक शेतकरी, आता सत्तरीच्या पुढे, सगळे अण्णाच म्हणतात. आरक्षण पडलं म्हणजे सातबारा अण्णांच्याच नावावर, पण तिथं ना घर बांधता येतं ना कोणी धड भावानं घेतं. पालिकेनं रुपया दिलेला नाही. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२६ मध्ये आरक्षणाची जागा घ्यायचे तीन रस्ते दिलेत, वाटाघाटी करून पैसे द्या, नाहीतर टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडं जादा बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क) किंवा एफएसआय (त्याच प्लॉटवर जादा बांधकाम) द्या, नाहीतर शासनाकडं भूसंपादनाचा प्रस्ताव पाठवा. नकाशावर हिरवा रंग मारला की जागा आपली, असा चौथा रस्ता त्यात नाही, पण आमच्या बांधकाम विभागाला हे कोण समजावणार.

त्यांनी २०२१ ला तिथं ओपन जिम बसवली. निधी वरून आलेला, मार्चच्या आत खर्च दाखवायचा, आणि प्रस्तावाला जागेचा दाखला लागतो. कोणीतरी दाखला देऊन टाकला की सदर जागा खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे व नगरपरिषदेच्या ताब्यात आहे. पहिला भाग खरा, दुसरा पूर्ण खोटा. माझ्या टेबलवर विचारायला कोणी आलं नाही. आठ मशीन, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, दोन हायमास्ट आणि उद्घाटनाची कोनशिला, जी मशीनपेक्षा मोठी होती.

२०२२ ला अण्णांची कलम १२७ ची नोटीस आली. त्याचा हिशोब बाहेरच्यांना माहीत नसतो म्हणून सांगतो. डीपी अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नसेल तर मालक मालकीच्या कागदांसकट नोटीस देऊ शकतो. ती आवकला पडली की घड्याळ सुरू. पूर्वी मुदत ६ महिने होती, मग १२ झाली, २०१५ च्या दुरुस्तीनं २४. तेवढ्यात जागा घ्या किंवा संपादनाची ठोस पावलं उचला, नाहीतर आरक्षण आपोआप व्यपगत, म्हणजे रद्द. आणि पावलं म्हणजे नुसता ठराव करून कलेक्टर ऑफिसला पत्र धाडणं नाही, गिरनार ट्रेडर्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २००७ लाच हे स्पष्ट केलंय. तरी राज्यात किती पालिका अजून एक पत्र पाठवून निवांत बसतात ते बघा.

तेव्हा आमच्याकडं प्रशासक राजवट होती, निवडणुका लांबलेल्या, नगरसेवक नाहीत. त्यामुळं मुख्याधिकारी म्हणून टिप्पणी सादर करणारे पण साहेब आणि प्रशासक म्हणून ठराव मंजूर करणारे पण साहेब, एकाच पानावर एकाच माणसाच्या दोन सह्या. जागा घ्यायचा ठराव झटक्यात झाला. घोडं अडलं ते पैशात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरी भागात बाजारभावाच्या दुप्पट आणि वर बाकीचं, म्हणजे आमची काही वर्षांची घरपट्टी एकट्या अण्णांना द्यावी लागली असती. वित्त आयोगाच्या पैशाचा मोठा हिस्सा पाणी आणि कचऱ्याला बांधलेला, त्यातून जमीन घेता येत नाही. स्वागत कमानीला मात्र पैसे निघाले, तेही त्याच वर्षी.

साहेब म्हणाले टीडीआर द्या. कागदावर मस्त दिसतं, गावठाणाबाहेर जागेच्या दुप्पट टीडीआर मिळतो. अण्णांनी मला एकच विचारलं, हे सर्टिफिकेट आपल्या गावात विकत कोण घेणार? मी गप्प. पुण्या-ठाण्यात बिल्डर टीडीआरसाठी रांग लावतात, आमच्याकडं आहे तो एफएसआय वापरायला माणूस नाही, तिसऱ्या मजल्याच्या वर कोणी चढत नाही. मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली केली २०२० मध्ये, बरंच सोपं झालं हे खरं, पण टीडीआरच्या बाबतीत ती मोठ्या शहरांच्या मापानं शिवलेली आहे. अण्णांनी तो नाकारला.

२४ महिने संपले. गावात चर्चा हीच की अण्णांच्या मागं बिल्डर आहे. ऑफिसातही हेच, चहाच्या टपरीवर तर नाव-गावासकट. मला तरी कागदात कुठं बिल्डर दिसला नाही. दिसला तो मुलगा, जो वकिली करतो आणि ज्यानं माहिती अधिकारात तो ताब्याचा दाखला काढला होता. त्यानं पालिकेला नोटीस दिली की आमच्या जागेवरचं अतिक्रमण हटवा नाहीतर हायकोर्टाच्या खंडपीठात जातो. सोबत सुप्रीम कोर्टाचा मे २०२४ चा निकाल जोडलेला, कोलकाता महापालिकेचा. तिथंही पार्कच्या नावाखाली महापालिकेनं एका माणसाची जागा आपली म्हणून दाखवली होती, कोर्टानं सांगितलं की ज्या कलमावर तुम्ही बोट ठेवताय त्यात संपादनाचा अधिकारच नाही, आणि घटनेच्या ३००अ खाली मालकाला नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, वाजवी मोबदला हे सगळं मिळालंच पाहिजे. वर महापालिकेलाच ५ लाख खर्च लावला. साहेबांनी एवढाच भाग दोनदा वाचला आणि म्हणाले, काढून टाका.

अतिक्रमण विभागाचं तेच पथक, जे हातगाड्या उचलतं, सकाळी सकाळी पालिकेची जिम काढायला गेलं. बोल्ट गंजलेले, पाना फिरेना, शेवटी पाणीपुरवठ्याकडून गॅस कटर मागवला. मुकादम छापील पंचनामा भरत होता. अतिक्रमणधारकाचे नाव, या रकान्याशी थांबला आणि मला म्हणाला, साहेब इथं काय लिहू? मी म्हटलं नगरपरिषद. तर म्हणतो, मग अतिक्रमणधारकाची सही कोणाची घेऊ? आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. त्यानं निरंक लिहिलं आणि पुढं गेला, तीस वर्षांच्या नोकरीनं माणूस शहाणा होतो.

तेवढ्यात रोज सकाळी फिरायला येणाऱ्या बायका जमल्या. मला वाटलं होतं आम्हाला झोडपतील. पण त्यांनी धरलं अण्णांना, जे कडेला काठी टेकून उभे होते. एक बाई म्हणाल्या, एवढी जमीन आहे तुमची, एवढीशी आमच्यासाठी सोडली तर काय जाईल? अण्णा म्हणाले, वीस वर्षं सोडलीच होती की. त्यावर कोणी बोललं नाही, पण कोणी हललंही नाही. मग अण्णाच मला बाजूला घेऊन म्हणाले की दोन-तीन मशीन ठेवा हो, काम सुरू होईपर्यंत बायका वापरतील. मुलानं लगेच अडवलं, एकसुद्धा ठेवायची नाही, उद्या हेच लोक ताबा आमचा म्हणतील. कायद्यानं मुलगा बरोबर होता. आमच्याच लोकांनी आधी तसं लिहूनही दिलेलं. आठही काढल्या.

त्या गर्दीत मला सांगावंसं वाटत होतं की बायांनो, मैदान घालवलं पालिकेनं, अण्णांनी नाही. पालिकेचाच पगार घेणारा माणूस हे रस्त्यात उभा राहून बोलू शकत नाही. पण आमच्याकडं मैदान म्हणून आरक्षित जागा अजून आहेत, डीपी तोच, नोटिसा यायला सुरुवात झालीय, आणि भूसंपादनाच्या हेडखाली बजेटमध्ये दरवर्षी नावाला आकडा टाकला जातो.

मशीन सध्या अग्निशमनच्या शेडमध्ये पडून आहेत. आरक्षण व्यपगत झाल्याचं राजपत्र निघाल्यावर अण्णांच्या मुलानं लेआउट टाकला, बिल्डर नाहीच, स्वतः प्लॉट पाडतोय. क्षेत्र ४० आरच्या वर असल्यानं १० टक्के ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळी जागा, सोडावी लागते, ती त्यानं नकाशात नेहमीप्रमाणं मागं नाल्याकडच्या कोपऱ्यात सारलीय. मी त्रुटी काढली की ती पुढं, रस्त्याच्या बाजूला घ्या. आर्किटेक्टचे फोन चालू आहेत, म्हणतो पुढचे प्लॉटच तर भाव देतात. साहेबांनी अजून मत दिलेलं नाही, फाइल माझ्याच टेबलवर आहे.