आईला घेऊन सेशेल्समध्ये शिडाच्या बोटीवर

सेशेल्सचे किनारे बघायचे तर फेरीबोट, गेस्टहाऊस आणि भाड्याची सायकल एवढ्यावर उत्तम भागतं. आम्हाला मात्र बोटीवरच राहायचं होतं, आणि सोबत होती सत्तरीला टेकलेली, पोहता न येणारी आई. तिच्यासह हे सगळं कसं जमवलं ते सविस्तर लिहिते. आई-वडिलांना बोटीवर नेता येईल का, असं बरेच जण विचारतात. येतं नेता, पण तयारी लागते.

पहिलं काम महिना ठरवण्याचं. साधारण मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून जोरदार वारा असतो, तर डिसेंबर ते मार्च वायव्येकडून. (आग्नेयेचे हेच वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस घेऊन येतात.) शीडवाल्यांना जुलै-ऑगस्टचा वारा आवडतो, पण आईसाठी मला तो नको होता. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास वारा दिशा बदलतो तेव्हा समुद्र त्या मानाने शांत असतो. म्हणून दसरा-दिवाळीच्या मधले दिवस धरले.

भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण निघण्यापूर्वी प्रवासाची परवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. पासपोर्ट, स्वतःचा फोटो, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा अपलोड करायचा. राहण्याचा पुरावा म्हणून आम्ही बोटीचा करार जोडला. पहिली रात्र माहे या मुख्य बेटावर गेस्टहाऊसमध्ये होती, तेही बुकिंग जोडलं. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा, तिथलं शुल्क कमी आहे. मधल्या एजंटांच्या साइट अगदी तशाच दिसतात आणि जास्त पैसे घेतात.

बोट दोन तऱ्हांनी मिळते. स्वतः चालवायची असेल तर कंपनी शिडाचं प्रमाणपत्र आणि अनुभव मागते. नवऱ्याने मुंबईत शिडं हाताळायला शिकून घेतलंय, तरीही आम्ही स्थानिक कप्तान घेतला आणि त्याचे रोजचे पैसे आनंदाने दिले. आईची जबाबदारी असताना अनोळखी खडकांमध्ये स्वतः सुकाणू धरण्यात काही अर्थ नव्हता. बोट कॅटमरान घेतली. दोन सांगाड्यांमुळे ती कलत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला आधाराशिवाय चहाचा कप धरून बसता येतं. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, त्यामुळे कार्डाची मर्यादा आधीच वाढवून घ्या.

निघायच्या आधी माहेवरच्या व्हिक्टोरिया या राजधानीत गणपतीच्या देवळात गेलो. तिथल्या तमिळ समाजाने बांधलेलं, रंगीत गोपुराचं देऊळ आहे. आईचा अर्धा धीर तिथेच परत आला. बाजारातून मासे, कच्ची केळी आणि नारळ घेतले; तांदूळ, डाळ दुकानातून. गोडा मसाला पुण्याहून आणला होता.

माहे ते प्रालँ हे पुढचं बेट सुमारे 45 किलोमीटर. वारा कुशीवर असल्याने बोट डोलत राहते आणि मळमळतं ते याच टप्प्यात. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. आईला मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत, क्षितिज दिसेल अशी बसवली. "आत जाऊन पडू का?" असं तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. आत पडलं की जास्त त्रास होतो.

प्रालँच्या आन्स लाझियो या किनाऱ्यापाशी नांगर टाकताना पाहणं हा मला या प्रवासातला सर्वात मोठा आनंद वाटला. कप्तानाने नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे वळवली आणि पाण्यात फिकट निळा पट्टा शोधला. फिकट म्हणजे खाली वाळू, गडद म्हणजे गवत किंवा प्रवाळ. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, हे त्याने आम्हाला फार कळकळीने सांगितलं. खोलीच्या पाचपट साखळी सोडली, इंजिन हळूच उलट चालवून नांगर वाळूत रुतवला. मग किनाऱ्यावरचा एक खडक आणि त्यामागचं एक झाड एका रेषेत धरून तो बराच वेळ बघत राहिला. रेष हलली नाही, म्हणजे नांगराने धरलं. अंधार पडायच्या आत हे सगळं उरकायचंच. सूर्य वर्षभर सहा-साडेसहालाच मावळतो, आणि रात्री बोट हाकायला करारात मनाई होती.

खरी कसोटी डिंगीची. मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, छोट्या रबरी होडीतून उतरावं लागतं. आईला आधी पायरीवर बसवायचं, तिने डिंगीतल्या माणसाचं मनगट धरायचं (बोटं नाही, मनगट), पाय डिंगीच्या मधोमध ठेवायचा आणि लगेच खाली बसायचं. लाइफजॅकेट बोटीवरच चढवायचं. वाळूपाशी आल्यावर लाट मागे जाण्याची वाट बघून उतरायचं. पहिल्या दिवशी तिचे हात थरथरत होते. क्युरिएजला पोचेपर्यंत तीच मला सांगत होती, "तू आधी बस, मी येते." त्या बेटावर 1965 पर्यंत कुष्ठरोग्यांची वसाहत होती, आता राष्ट्रीय सागरी उद्यान आहे आणि अजस्र कासवं मोकळी फिरतात. आईने एकाच्या मानेवरून हात फिरवला, त्याने मान आणखी लांब केली.

ला दिग हे 10 चौरस किलोमीटरचं बेट. तिथे बंदरात बोट ठेवून सायकली घेतल्या, आईसाठी गाडी ठरवली. आन्स सूर्स दार्जां या प्रसिद्ध किनाऱ्यासमोर प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे बोटीने जवळ जाता येत नाही. जुन्या नारळ-व्हॅनिलाच्या मळ्यातून तिकीट काढून जावं लागतं. भरतीला वाळू जवळपास उरत नाही, म्हणून ओहोटीच्या वेळा बघून निघा. पाणी गुडघाभर असतं. आई तिथे मनसोक्त बसली. बेटाच्या आग्नेयेकडचे ग्राँ आन्स, पेती आन्स फार देखणे आहेत, पण तिथे पाण्यात जाऊ नका. ओढ जबर आहे, पाट्याही लावल्यात.

परतताना एवढं सांभाळा: आठवण म्हणून कोको-द-मेर (तिथला भलामोठा जुळा नारळ) घ्यायचा असेल तर अधिकृत परवाना सोबत हवाच, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. आणि बोट परत करायच्या आदल्या संध्याकाळीच माहेला पोचा. सकाळी डिझेल भरणं, पाणबुड्याकडून तळ तपासून घेणं, अनामत सोडवणं यात चांगला वेळ जातो.